पहिला कोल्हा कोणत्या बँडवर? ८० मीटर की २ मीटर

रानात लपवलेले ट्रान्समीटर अँटेना फिरवत हुडकायचे आणि तेही पळत. या खेळाला हॅम मंडळी, म्हणजे हौशी रेडिओवाले, ‘फॉक्स हंट’ म्हणतात, स्पर्धेच्या भाषेत एआरडीएफ (अमॅच्युअर रेडिओ डायरेक्शन फाइंडिंग). पहिली जागतिक स्पर्धा १९८० साली पोलंडमध्ये झाली. नेहमीच्या स्पर्धेत पाच कोल्हे, म्हणजे लपवलेले ट्रान्समीटर, असतात. प्रत्येक जण आळीपाळीने मिनिटभर बोलतो आणि पुढची चार मिनिटं गप्प बसतो. मोर्समध्ये ‘एमओ’नंतर किती टिंबं वाजली त्यावरून कोल्ह्याचा नंबर कळतो. ३.५ मेगाहर्ट्‌झ (म्हणजे ८० मीटर बँड) असो की १४४ (म्हणजे २ मीटर), हे सगळं सारखंच. शोधायची रीत मात्र इतकी वेगळी की एका बँडवर मुरलेला माणूस दुसऱ्यावर पार भांबावतो.

२ मीटरचं आकर्षण उघड आहे: हँडहेल्ड सेट (हातातला वॉकीटॉकी) बहुतेक हॅमकडे असतोच. पीव्हीसी पाइप आणि सुताराच्या पोलादी टेपचे तुकडे जोडून तीन एलिमेंटची (पट्ट्यांची) यागी ही दिशादर्शक अँटेना एका दुपारी होते. टेप वाकते, त्यामुळे झुडपात अडकली तरी मोडत नाही.

पण दोन अडचणी आहेत. पहिली, आपला सेट एफएम. एफएमवर सिग्नल वाढला म्हणून आवाज वाढत नाही, त्यामुळे कान निरुपयोगी आणि नजर सिग्नलचा जोर दाखवणाऱ्या मीटरवर. कोल्हा जवळ आला की कुठेही वळा, मीटर भरलेलाच! मग फ्रिक्वेन्सी पाच-दहा किलोहर्ट्‌झ बाजूला सरकवा किंवा अँटेना काढून सेट छातीशी धरा आणि गोल फिरा. सिग्नल सर्वांत क्षीण झाला की कोल्हा पाठीमागे. जागतिक स्पर्धांत तर २ मीटरचे कोल्हे एएमवर बोलतात, म्हणजे तिथे हा सेट चालणारच नाही.

दुसरी अडचण सह्याद्रीत हटकून येणार: परावर्तन. दरीत उभं राहिलात की समोरचा कातळकडाच बोलतोय असं वाटतं आणि कोल्हा मात्र मागच्या झाडीत. उपाय एकच, आधी धारेवर चढा आणि मगच दिशा घ्या. दरीतल्या एकाच बेअरिंगवर (घेतलेल्या दिशेवर) पळत सुटणं म्हणजे दम फुकट घालवणं.

८० मीटरची लाट जवळपास ८५ मीटर लांब. टेकडी-झाडी तिला फारशी अडवत नाही, कड्यावरून ती उलटून येत नाही. रिसीव्हरमध्ये फेराइटची कांडी असते, तीच अँटेना. इथे मोठा आवाज नाही, शांतता शोधायची: आवाज बुडाला की कांडीचं टोक कोल्ह्याच्या रेषेत. यागीचा जोर पसरट असतो, ही शांतता मात्र सुईसारखी बारीक. फक्त कोल्हा पुढे की मागे हे तिला कळत नाही. त्यासाठी ‘सेन्स’चं बटण दाबून, रिसीव्हर काटकोनात वळवून दोन्ही बाजूंचा आवाज ताडायचा. नवशिक्या इथेच चुकतो आणि अर्धा किलोमीटर उलटा पळतो. सवयीने जातं ते.

या बँडचे शत्रू म्हणजे तारेची कुंपणं आणि विजेच्या तारा. त्यांच्यापासून दूर होऊन दिशा पुन्हा घ्या. वळवाच्या दिवसांत दूरच्या विजांची खरखरही फार. खरी अडचण रिसीव्हरची आहे, तो कोपऱ्यावरच्या दुकानात मिळायचा नाही. पीजे-८० नावाचं चिनी किट मागवून सोल्डर करावं लागतं. ज्याला सोल्डरिंगचा कंटाळा त्याने आधी एखादा जोडीदार गाठावा.

माझा कौल ८० मीटरला. खेळ पळण्याचा आणि नकाशाचा आहे, ते शिकताना रेडिओने दगा देऊ नये. मुलांना घेऊन जाणार असाल तर दुसरा विचारच नको: एका हातात मावणारा डबा आणि कानात हेडफोन, लगेच कळतं. रविवारी चार हॅम मित्रांबरोबर उघड्या माळावर गंमत करायची असेल, तर मात्र खिशातला हँडहेल्ड आणि टेपची यागी भरपूर झाली. माळ सपाट निवडा, कड्यापासून लांब. आणि कोल्हा लपवणारा परवानाधारक हॅमच हवा, बँड कुठलाही असो.