रेडिओ चांगला, पुस्तिका चुकीची: मीडियम वेव्ह किटचा अनुभव

नववीतल्या भाचीसाठी लॅमिंग्टन रोडवरच्या एका दुकानातून मीडियम वेव्ह रेडिओचे किट साडेसहाशे रुपयांना आणले आणि दोन रविवार खर्चून आम्ही ते जोडले. रेडिओ म्हणून त्याविषयी फारशी तक्रार नाही. फेराइट रॉडवरची कॉइल नीट गुंडाळलेली येते, स्टेशन लावण्यासाठी फिरवायचा गँग कंडेन्सर घट्ट बसतो, आणि सोल्डरिंग प्रथमच करणाऱ्या मुलीलाही परळच्या घरात ५५८ किलोहर्ट्झवर आकाशवाणीची अस्मिता वाहिनी स्वच्छ ऐकू आली. सेलच्या डबीतली स्प्रिंग तेवढी हलक्या प्रतीची आहे.

खरी तक्रार आहे ती सोबतच्या मराठी पुस्तिकेविषयी. तिच्या चौथ्या पानावर ‘गतिमान विद्युतप्रभारातून रेडिओलहरी बाहेर पडतात’ असे ठळक अक्षरांत छापले आहे. हे खरे असते, तर शेजारी टॉर्च पेटलेला असेपर्यंत रेडिओ खरखरत राहिला असता, कारण पेटलेल्या टॉर्चमधूनही प्रभार सतत वाहत असतो.

जलद आणि धीमी लोकल काही क्षण सारख्या वेगाने शेजारी धावू लागल्या, की समोरच्या डब्यातला दांडा धरून उभा असलेला माणूस आपल्याला स्थिर वाटतो. निर्वातात एकसमान वेगाने सरळ जाणारा प्रभारही त्याच्याबरोबर जाणाऱ्या निरीक्षकाला तसाच स्थिर दिसतो. स्थिर प्रभार प्रारण (म्हणजे रेडिओलहरींसारख्या बाहेर पसरत जाणाऱ्या लहरी) सोडत नाही, आणि निसर्गाचे नियम गाडीत व फलाटावर सारखेच असल्यामुळे फलाटावरून पाहणाऱ्याच्या दृष्टीनेही तो ते सोडू शकत नाही. प्रारणासाठी त्वरण लागते, म्हणजे वेग वाढला, घटला किंवा त्याची दिशा बदलली पाहिजे. प्रभाराला धक्का बसल्याची वर्दी प्रकाशाच्या वेगानेच पसरते, म्हणून जवळच्या क्षेत्ररेषा (प्रभाराच्या विद्युतक्षेत्राची दिशा दाखवणाऱ्या कल्पित रेषा) त्याच्या नव्या चालीप्रमाणे वळलेल्या असतात, तर दूरच्या रेषा अजून जुन्याच चालीला धरून असतात. या दोहोंना जोडणारा बाक बाहेर सरकत जातो, आणि तो बाक म्हणजेच प्रारण. स्थिर प्रभाराचे क्षेत्र अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात क्षीण होते, बाकातले क्षेत्र मात्र केवळ अंतराच्या प्रमाणात. रेडिओचा आवाज कोसो दूर पोहोचतो तो त्यामुळे. त्वरण दुप्पट केले की उत्सर्जित शक्ती चौपट होते, हे भौतिकशास्त्रज्ञ लार्मर यांनी १८९७ मध्ये मांडलेल्या सूत्रातून निघते.

पुस्तिकेत नसलेला एक प्रयोग आम्ही करून पाहिला. पेन्सिल सेल, टॉर्चचा छोटा बल्ब आणि कानस वायरने एका मालिकेत जोडली. वायरचे टोक कानशीवर स्थिर दाबून धरले, तेव्हा बल्ब पेटून राहिला आणि रेडिओ गप्प होता. टोक कानशीच्या दात्यांवरून ओढताच रेडिओत ‘खर्रर्र’ असा आवाज आला, कारण प्रत्येक दात्यावर प्रवाह तुटत आणि जुळत होता. काटेकोरपणे सांगायचे तर इतक्या जवळून ऐकू येणाऱ्या आवाजात खऱ्या प्रारणापेक्षा निकटच्या बदलत्या क्षेत्राचा वाटा मोठा असतो, कारण या वाहिनीची तरंगलांबीच सुमारे ५३८ मीटर आहे. तरीही बदलाशिवाय आवाज नाही, ही गोष्ट मुलीच्या कानाला पटली.

पुस्तिकेने एक्स-रेचे चित्र छापले आहे, पण नळीतले इलेक्ट्रॉन टंगस्टनवर आदळून एकाएकी मंदावतात म्हणून ते किरण निघतात, हे सांगितलेले नाही. इंदूरच्या इंडस-२ या इलेक्ट्रॉन गोल फिरवणाऱ्या यंत्रात ते चुंबकांमुळे वळतात आणि वळताना प्रारण देतात, हे देशातले उदाहरणही राहून गेले आहे. अपवाद म्हणावा असा चेरेन्कोव्ह प्रारणाचा उल्लेख असता तर मी पुस्तिकेचे दोन गुण वाढवले असते: पाण्यात प्रकाशाचा वेग सेकंदाला सुमारे सव्वादोन लाख किलोमीटरवर येतो, आणि त्याहून वेगाने जाणारा इलेक्ट्रॉन एकसमान वेगाने चालला तरी पाण्यातून निळा प्रकाश निघतो.

चूक दाखवली तेव्हा दुकानदार म्हणाले, “पुस्तिका कोण वाचतं साहेब, रेडिओ वाजला ना?” रेडिओला पाचपैकी चार आणि पुस्तिकेला दीड गुण. आमच्या प्रतीत भाचीने ‘गतिमान’ खोडून वर पेन्सिलीने ‘त्वरणित’ लिहिले आहे. ‘त्वरित’ लिहिले तर लहरी लगेच बाहेर पडतात असा अर्थ होईल, ही तिची हरकत मला मान्य करावी लागली.