काडेकिराईत की पालेकिराईत?

तापातून उठल्यावर अन्नावरची वासना उडाली की कोकणात कोणीतरी किराईत हे कडू औषध सुचवतंच. वाळक्या काड्यांचं काडेकिराईत की पाल्याचं पालेकिराईत, ते मात्र घराघरावर असतं. मी दोन्ही घेतली आहेत.

पाल्याची बाजू तशी भक्कम. पावसाळ्यात मागच्या दारी आपसूक उगवतं, पैसा पडत नाही, आणि झाड डोळ्यांसमोर असल्यामुळे भेसळीचा प्रश्नच नाही. काडेकिराईत हिमालयातलं, बरंचसं नेपाळातून येतं. महाग, आणि त्याच नावाखाली पालेकिराईताच्या काड्याही गळ्यात मारल्या जातात.

कडूपणात दोघांत डावं-उजवं करायला मी जाणार नाही. पण पाल्याचा कडूपणा हटता हटत नाही, आणि माझं घोडं तिथेच अडलं. काढा कधीच पोटात गेलेला, तरी घसा कडू. वरणभाताचा पहिला घास कडू, दुसराही कडू, वर लिंबाचं लोणचंसुद्धा कडू! भूक लागावी म्हणून औषध घ्यायचं आणि ताटावर बसल्यावर त्यानेच जेवण नासवायचं, याला काय अर्थ? कदाचित आमच्याकडे पाला जास्त उकळत असतील. तुमचा अनुभव वेगळा असू शकेल.

काड्यांचं तसं झालं नाही. दोन-तीन काड्या रात्री कपभर पाण्यात भिजत टाकायच्या, सकाळी गाळून ठेवायचं, जेवणाआधी अर्धा तास दोन घोट. तोंड वाकडं होतंच, पण चूळ भरली की जीभ मोकळी. तापावरच्या सुदर्शन चूर्णातही सगळ्यात मोठा वाटा काडेकिराईताचाच असतो, तेव्हा जुन्या वैद्यांचा कौलही इकडेच असावा.

कॅप्सूलचं मला फारसं पटत नाही. जिभेला कडू लागलं की लाळ आणि जठररस सुटू लागतात. कॅप्सूल जिभेला चुकवूनच खाली उतरते.

गरोदरपणी दोन्ही नकोत. साखरेच्या गोळ्या चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा, कारण दोन्हींनी साखर उतरू शकते. भुकेबरोबर वजनही घटत असेल, तर किराईताच्या नादी न लागता तपासण्या करून घ्या.

काडे घ्यायचं ठरलंच तर अख्ख्या काड्या मागा. खरी काडी तपकिरी-जांभळट, बुडाशी गोल, मोडली की आत पिवळसर भेंड. पाल्याची हिरवट आणि चौकोनी. पूड घेतलीत तर यातलं काहीच दिसणार नाही.