लंडनचा खास आयुक्त की युक्रेनची उघडी यादी? वॉर्डाला पत्र देण्याआधी

७ मे २०२५ ला युद्धाच्या तयारीचं मॉक ड्रिल झालं तेव्हापासून आमच्या माझगावच्या चाळींमध्ये एक विषय सुटत नाहीये, की खरंच युद्धात शहरावर काही पडलं तर पाणी, वीज, रस्ते, राडारोडा आणि मुख्य म्हणजे घर गेलेली माणसं हे सगळं सांभाळणार कोण. त्यावरून ठरलं की वॉर्ड ऑफिसला पत्र द्यायचं. पण मागायचं काय यावर दोन तट पडलेत. जुनी मंडळी म्हणतात दुसऱ्या महायुद्धात लंडनने केलं तसं करा, एक खमका अधिकारी नेमा आणि सगळं त्याच्या हातात द्या. तरुण पोरं म्हणतात युक्रेनसारखं हवं, मोबाइलवर अर्ज, स्थानिक समितीची पाहणी आणि प्रत्येक कामाची नोंद सगळ्यांना दिसेल अशी. मी पंचवीस वर्षं एका ठेकेदाराकडे केबल आणि पाइपच्या चरांवर सुपरवायझर होतो, त्यामुळे मला यात बोलायचंय, आणि रविवारच्या बैठकीत एवढं बोलता येणार नाही म्हणून लिहून काढतो.

लंडनचं आधी. सुरुवातीला ते आपण समजतो तेवढं चांगलं अजिबात नव्हतं. नागरी संरक्षणासाठी देशाचे १२ विभाग पाडून त्यांच्यावर प्रादेशिक आयुक्त ठेवलेले होते, कागदावर तयारी जय्यत. पण तयारी कशाची, तर मेलेल्यांची आणि जखमींची. घर पडलंय पण माणूस धडधाकट आहे, त्याचं काय करायचं याचा नीट विचारच झाला नव्हता. ७ सप्टेंबर १९४० पासून जवळजवळ दोन महिने रोज रात्री, एखादा अपवाद सोडला तर, जर्मन विमानांचे बॉम्ब पडत राहिले. पूर्व लंडनच्या कॅनिंग टाउनमध्ये घर गेलेली कुटुंबं साउथ हॉल्सविल नावाच्या शाळेत आणून बसवली आणि सांगितलं की बस येतील, तुम्हाला सुरक्षित जागी नेतील. लोक पोराबाळांसकट, मिळालं ते गाठोडं घेऊन बसून राहिले, बस वेळेत आल्याच नाहीत, आणि १० सप्टेंबरच्या पहाटे शाळेवरच बॉम्ब पडला. सरकारी आकडा ७७ मृत्यूंचा आहे, तिथल्या लोकांनी तो कधीच मानला नाही. हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही, कारण बस पाठवणं हे काय अवघड काम आहे, पण ती कोणी पाठवायची हेच धड ठरलेलं नसेल तर ती येत नाही.

त्यानंतर काही आठवड्यांत त्यांनी खास आयुक्त नेमले. बेघरांसाठी हेन्री विलिंक, आणि रस्ते मोकळे करणं, राडारोडा, दुरुस्ती यासाठी वॉरन फिशर. विलिंकच्या काळात झालेलं सगळ्यात मोलाचं काम म्हणजे रेशनकार्ड, कपडे, पैसे, तात्पुरती जागा, नुकसानीचा अर्ज यासाठी माणसाला जी पाच-सहा ऑफिसं फिरावी लागत होती ती हळूहळू एका छपराखाली आणली गेली. १९४१ मध्ये कायदा करून वॉर डॅमेज कमिशन आलं, मालकांकडून सक्तीची वर्गणी घेतली आणि त्या बदल्यात दुरुस्तीचा खर्च किंवा घराची किंमत द्यायची सोय झाली.

खमका अधिकारी का लागतो ते मी डोळ्यांनी बघितलंय. एका पावसाळ्यात रात्री अकराच्या सुमारास चर खणताना आमच्या माणसाचा टिकाव भलत्याच केबलला लागला आणि अख्खी गल्ली काळोखात गेली. समोरच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर एक आजी ऑक्सिजनच्या मशीनवर होत्या. केबल एकाची, तिच्याखालची पाण्याची लाइन दुसऱ्याची, रस्ता तिसऱ्याचा, तिघांचीही माणसं आली, तिघंही आपापल्या जागी बरोबर होते, पण आधी हे करा मग ते करा असं सांगायचा अधिकार असलेला चौथा माणूस तिथे नव्हता. साडेचार तास गेले. आजी वाचल्या त्या खालच्या दुकानदाराने जनरेटरची वायर खिडकीतून वर सोडली म्हणून. चूक आमचीच होती, मी अजून ती विसरलो नाही, पण ते साडेचार तास चुकीमुळे गेले नाहीत.

आता युक्रेन. २४ फेब्रुवारी २०२२ ला मार्शल लॉ लागला आणि निवडून आलेल्या महापौरांच्या बाजूला लष्करी प्रशासनं उभी राहिली. म्हणजे तिथेही वरून नेमलेला माणूस आहेच, आणि त्यातून भांडणंही झाली, कीव्हमध्ये महापौर क्लिच्को आणि शहराचं लष्करी प्रशासन यांच्यातला वाद जगाने बघितला. खमका माणूस नेमा म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्या, की एका शहरात दोन खमके झाले तर आपल्या गल्लीचं काम मध्येच लटकतं.

पण घरांच्या बाबतीत त्यांनी जे केलं ते मला मनापासून आवडलं. मे २०२३ पासून मोडलेल्या घराच्या दुरुस्तीसाठी दिया या सरकारी ॲपवरून अर्ज करता यायला लागला, सुरुवातीला मर्यादा २ लाख रिव्निया (तिथलं चलन) होती, अर्ज आला की स्थानिक पालिकेची समिती घरी येऊन पाहणी करते आणि त्यावर पैसे ठरतात. युद्ध थांबायची वाट बघितली नाही. मोठ्या कामांसाठी ड्रीम नावाची वेगळी प्रणाली आहे, त्यात शाळा, दवाखाना, पूल, कुठल्या कामाचं काय चाललंय ते कोणालाही बघता येतं. २०२२ च्या हिवाळ्यात वीज गेल्यावर जागोजागी केंद्रं उघडली, तिथे ऊब, मोबाइल चार्जिंग, इंटरनेट मिळायचं. खारकीव्हमध्ये मेट्रो स्टेशनांत शाळा भरायला लागल्या. तरीही सगळं सुरळीत नाहीये, पुनर्बांधणी एजन्सीचे प्रमुख मुस्तफा नाय्येम यांनी जून २०२४ मध्ये काम करण्यात अडथळे आणले जातायत असं सांगून राजीनामा दिला.

पोलंडची राजधानी वॉर्सा, तिचं नाव पण कोणीतरी काढलं होतं. तिथे फेब्रुवारी १९४५ मध्ये, युद्ध संपायच्या आधीच, राजधानी उभारणीचं एकच कार्यालय काढलं आणि ऑक्टोबरमध्ये शहरातली जमीन पालिकेच्या नावावर केली. शहर उभं राहिलं खरं, पण मालकीचे दावे पुढे कितीतरी दशकं चालले. आपल्याला तो रस्ता नको.

आणि आपल्या दारातलं उदाहरण विसरू नका. १४ एप्रिल १९४४ ला व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टायकिन बोट फुटली, स्फोटकं आणि कापूस एकाच बोटीत, ६६ अग्निशामक जवान गेले, तेही युद्ध चालू असतानाच. गोदी परत चालू करायला ८,००० माणसं ७ महिने राडारोडा उपसत होती, कारण गोदी युद्धाला हवी होती. आजूबाजूच्या वस्तीतली घरं मात्र युद्धाला नको होती. पत्र लिहिताना हा फरक डोक्यात ठेवा.

माझी खरी काळजी वेगळीच आहे. युक्रेनची योजना असो की ब्रिटनचं कमिशन, दोन्हीकडे पैसे मुख्यतः मालकाकडे जातात. युक्रेनमध्ये तर घराची नोंद सरकारी रजिस्टरमध्ये नसेल तर अर्जच अडतो. आता आपल्याकडे बघा. आम्ही पागडीवाले, मालक तिसरीकडेच, काही ठिकाणी मालकाचे वारस एकमेकांशी कोर्टात, माझ्या खोलीची भाडेपावती अजून वडिलांच्या नावावर, शेजारी तीन पिढ्या राहतायत आणि त्यांच्याकडे पावतीसुद्धा नाही. उद्या कितीही चांगलं ॲप आणलं तरी त्यात आमचं नाव कुठल्या रकान्यात टाकणार? आणि कितीही खमका अधिकारी आणला तरी त्याच्यासमोर यादी नसेल तर तो कोणाला खोली देणार?

म्हणून तरुणांना माझं सांगणं आहे की ॲप नंतर मागा. आणि जुन्या मंडळींना सांगणं आहे की खमका अधिकारी कायद्याने अर्धा मिळालाय, २०२५ च्या दुरुस्तीने महापालिका असलेल्या शहरांसाठी वेगळं आपत्ती प्राधिकरण करायची तरतूद आली आणि अध्यक्ष पालिका आयुक्त आहेत. वर माणूस आहे, वॉर्डात कोण ते विचारा. पहिल्या काही दिवसांसाठी मी लंडनच्याच बाजूने आहे, म्हणजे वॉर्डात एक ठरलेली इमारत, तिथे पाणी, वीज, रस्ते, रेशन सगळ्यांचं एकेक टेबल, आणि जागेवर सही करू शकेल असा एक अधिकारी, त्याचं पद आजच जाहीर. नंतरच्या पुनर्बांधणीसाठी युक्रेनची उघडी नोंद. पण दोन्हीच्या आधी राहणाऱ्यांची यादी, मालकांची नव्हे. पत्रात एकच मागणी ठेवायची वेळ आली तर मी तीच ठेवेन.

रविवारी येताना प्रत्येकाने भाडेपावती, नसेल तर लाइट बिल, तेही नसेल तर मतदारयादीतल्या नावाची झेरॉक्स आणा. खोली नंबर, राहणारी माणसं किती, अंथरुणाला खिळलेलं कोणी आहे का, मशीनवर कोणी आहे का, एवढं वहीत लिहून घेऊ. पहिल्या मजल्यापासून सुरुवात करू, वही मी आणतो.