शेतरस्ता: शेजाऱ्याचा शब्द, नोंदवलेला करार, तहसील की दिवाणी कोर्ट?

शेताला रस्ता नाही, किंवा आहे तो शेजाऱ्याच्या मर्जीवर, अशा माणसाला पारावर सल्ल्यांची कमतरता नसते. कुणी म्हणतं तहसीलला अर्ज टाक, कुणी म्हणतं कोर्टाची पायरी चढ, कुणी म्हणतं, अरे दादांनी शब्द दिलाय ना, मग कशाला कागद. यातला कुठलाच सल्ला सरसकट चुकीचा नाही. फक्त त्याआधी विचारायचा प्रश्न कुणी विचारत नाही: वाट पूर्वीपासून वापरात होती आणि आता अडवली, की वाट कधी नव्हतीच आणि नव्याने हवी आहे? महाराष्ट्रात या दोन प्रकरणांची कलमं वेगळी, मुदती वेगळ्या आणि पुरावेही वेगळे.

तोंडी परवानगी

फुकट आणि गोड. संबंध चांगले असेपर्यंत यासारखं सुख नाही. पण दुसऱ्याच्या जमिनीतून वाट वापरण्यासारखे हक्क ठरवणाऱ्या 1882 च्या सुविधाधिकार कायद्याच्या नजरेत अशी मुभा म्हणजे फक्त परवाना. देणारा ती सहसा कधीही मागे घेऊ शकतो. त्याहून जड बाब म्हणजे त्याने जमीन विकली तर नव्या मालकावर ती परवानगी बंधनकारक नसते. दादा शब्दाला जागतील. जमीन विकत घेणारा बाहेरगावचा माणूस त्या शब्दाला बांधलेला नाही. त्या परवानगीवर विसंबून तुम्ही स्वतःच्या खर्चाने पक्कं, कायम स्वरूपाचं काम केलं असेल, तर परवाना काढून घेणं अवघड होतं. पण ते सिद्ध करत बसण्याची वेळ येऊ नये हेच बरं.

बरेच जण इथे म्हणतात, आम्ही वीस वर्षं याच वाटेने जातोय, आता आमचा हक्क झाला. अर्धं खरं आहे. वीस वर्षांचा वापर शांतपणे, उघडपणे, अखंड आणि हक्क म्हणून झालेला असावा लागतो. दरवर्षी पेरणीच्या आधी ‘जाऊ का हो इथून’ असं विचारून जात असाल, तर तो वापर परवानगीचा झाला, हक्काचा नाही. वाट सरकारी जमिनीतून असेल तर वीसच्या जागी तीस वर्षं.

नोंदणीकृत करार

माझं मत विचाराल तर शेजारी बोलायला तयार असेल तोवर हाच मार्ग. मोबदला द्यावा लागेल, मुद्रांक आणि नोंदणीचा खर्च येईल, तरी वर्षानुवर्षं तारखांना जाण्यापेक्षा तो स्वस्त पडतो. दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेला वहिवाटीचा हक्क जमिनीबरोबर चालतो, मालक बदलला तरी टिकतो. नंतर दुसरी वाट निघाली म्हणून करारातून मिळालेला हक्क आपोआप संपत नाही, हेही सर्वोच्च न्यायालयाने 2006 मध्ये स्पष्ट केलं आहे. केवळ गरजेपोटी मिळालेल्या वाटेचं तसं नाही. गरज संपली की तो हक्क संपतो.

पण करार जसा लिहाल तसा तो चालेल. ‘येण्याजाण्यास वाट ठेवली आहे’ एवढ्यावर भागवू नका. एका प्रकारच्या वाटेच्या हक्कात दुसऱ्या प्रकारची वाट येत नाही, असं कायदाच सांगतो. पायवाटेचा हक्क घेऊन उसाची ट्रॉली घातलीत तर शेजाऱ्याची तक्रार रास्त ठरेल. गट नंबर लिहा, कोणत्या बांधालगत, कोणत्या दिशेने, किती फूट रुंद ते लिहा, मोजणीचा नकाशा जोडा. बैलगाडी, ट्रॅक्टर, हार्वेस्टर, मालट्रक यांतलं काय काय जाणार ते नावानिशी घाला. पाण्याची पाइपलाइन न्यायची असेल तर तिचा वेगळा उल्लेख हवा. रस्त्याच्या हक्कात ती गृहीत धरू नका. आणि सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात नोंद झाल्याशिवाय काम पूर्ण झालं असं समजू नका. पुढचा खरेदीदार आधी सातबाराच बघतो.

पट्टाच विकत घ्यावा, असंही सुचवलं जातं. मालकी मिळते हे खरं, पण शेतजमिनीचे फार लहान तुकडे विकू न देणारा तुकडेबंदी कायदा आडवा येतो आणि शेतरस्त्यासाठीची सवलत जिल्हाधिकाऱ्यांच्या मंजुरीतून जाते. लहान रस्त्यासाठी हा व्याप क्वचितच परवडतो.

तहसीलदार: दोन वेगळे अर्ज

नवा रस्ता हवा असेल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 चं कलम 143. तहसीलदार बांधावरून रस्ता देऊ शकतात आणि तो देताना शेतकऱ्याला शेतात जायला वाजवी सोय आहे का हे बघतात. ‘बांधावरून’ हा शब्द लक्षात ठेवा. शेजाऱ्याच्या वावराच्या मधून तिरपा, जवळचा रस्ता या कलमाखाली मागू नका. दोन्ही बाजूंची जमीन शक्यतो सारखी जाईल असा बांध दाखवा. निर्णय न पटणाऱ्याला अपील करता येतं किंवा एका वर्षात दिवाणी दावा लावता येतो. दावा लावला की अपिलाची वाट बंद.

असलेला रस्ता अडवला असेल तर मामलतदार न्यायालय कायदा, 1906 चं कलम 5 (मामलतदार म्हणजे तहसीलदारच). इथे सगळा खेळ मुदतीचा. अडवल्यापासून सहा महिन्यांत दावा दाखल व्हायला हवा. ‘सुगी होऊ द्या, मग बघू’ म्हणत शेजारी वेळ काढतो, तुम्ही मोठ्या मनाने थांबता, आणि सातव्या महिन्यात हा स्वस्त, तुलनेने जलद मार्ग हातातून गेलेला असतो. बोलणी चालू ठेवा, पण अर्ज आधी टाका.

मंडळ अधिकारी पंचनाम्याला येतील तेव्हा जागाच बोलते. नांगरलेल्या पट्ट्याच्या दोन्ही टोकांना जुन्या गाडीची चाकोरी शिल्लक असते, बांध तिथे दबलेला असतो, कडेच्या बाभळीच्या फांद्या ट्रॉलीच्या उंचीला तुटलेल्या असतात. याचे फोटो रस्ता मोडल्याच्या दिवशीच काढा. एका पावसात चाकोरी जाते. गाव नकाशावर दुहेरी तुटक रेषा म्हणजे गाडीमार्ग, एकेरी म्हणजे पायमार्ग. तुमची वाट तिथे असेल तर निम्मं काम झालं.

दोन्ही कलमं एकाच अर्जात कोंबू नका. ‘माझा जुना रस्ता अडवला आणि मला नवा रस्ता द्या’ असं लिहिणारा स्वतःचीच बाजू कापतो.

दिवाणी कोर्ट

वीस वर्षांच्या वहिवाटीचा हक्क कायमचा जाहीर करून घ्यायचा असेल, मामला मुदतीबाहेर गेला असेल, किंवा तातडीची मनाई हवी असेल तर इथे यावंच लागतं. मामलतदाराचा हुकूमही दिवाणी निकालापुढे टिकत नाही. वेळ आणि वकिलाचा खर्च मात्र घरात बसून मोजून घ्या.

रस्ता मिळाल्यावर

भांडणं इथेच पुन्हा सुरू होतात. रस्ता वापरणाऱ्याने तो दुसऱ्याला कमीत कमी त्रास होईल असा वापरायचा आहे. मुरूम टाकणं, खड्डे भरणं, पाइप घालून पाणी काढून देणं हा खर्च त्याचाच; ज्याच्या जमिनीतून रस्ता गेला तो रुपयाही द्यायला बांधील नाही. मात्र तोही रस्ता वापरणार असेल, आणि बहुतेक वेळा वापरतोच, तर खर्चाची वाटणी करारातच घालावी. एकराप्रमाणे वाटणी सोपी, पण दोन एकर उसाच्या ट्रॉल्या रस्ता जितका फोडतात तितका दहा एकर ज्वारी फोडत नाही, हे ध्यानात घेऊन आकडे ठरवा. वाटण्या होऊन तुमच्या शेताचे तीन भाग झाले तर तिघांनाही वाट मिळते, पण शेजाऱ्यावरचा बोजा फार वाढता कामा नये.

जमीनमालकाला आपल्या पट्ट्यात हवं ते करता येतं, वाट अडली नाही म्हणजे झालं. गुरांसाठी फाटक लावायचं असेल तर किल्ली कुणाकडे, हेही कागदावर घ्या. आणि त्याने उद्या दगड टाकले, चर खणला, तरी जेसीबी बोलावून स्वतः मोकळा करू नका. अडथळा चुकीचा असला तरी तो स्वतःच्या हाताने काढायची मुभा सुविधाधिकार कायदा देत नाही. फोटो, पंचनामा आणि सहा महिन्यांच्या आत अर्ज.