'वाड्यातली मर्सिडीज' घेण्याआधी हे वाचा

बेळगाव, खानापूर, निपाणी, चंदगड, गडहिंग्लज या पट्ट्यात 'संस्थानिकांच्या वाड्यातली मर्सिडीज' विकणारा एक माणूस फिरतो आहे. मला त्याने साडेअकरा लाखांना फसवलं. परवा एका मित्राच्या मोबाइलवर मला दाखवलेल्या त्याच वाड्याच्या दारातला फोटो आला, फक्त गाडी वेगळी होती, म्हणून सगळं सविस्तर लिहितोय. पोलिसांत तक्रार आहे, त्यामुळे नाव लिहीत नाही. पण पद्धत कळली की माणूस ओळखता येईल.

आपल्याकडे ही गोष्ट पटकन खरी वाटते, त्याला कारण आहे. सांगली, मिरज, कुरुंदवाड, जमखंडी, मुधोळ, रामदुर्ग, सावंतवाडी अशी संस्थानं आपल्या आजूबाजूलाच होती. कोल्हापूरच्या शाही दसऱ्याला छत्रपतींची मेबॅक मोटार दसरा चौकात येते, ती बघायला आजही सीमाभागातून माणसं जातात. घराघरांत कुणीतरी आजोबा असतात ज्यांनी राजेसाहेबांची मोटार धूळ उडवत जाताना पाहिलेली असते. त्यामुळे "पावणं, वाड्यातली गाडी हाय, दसऱ्याला पूजा व्हायची हिची" असं कुणी सांगितलं की माणूस ऐकत राहतो. तो हे फार छान सांगतो.

गाडी होती १९७० सालची मर्सिडीज २२० डी, म्हणजे डब्ल्यू ११५ मालिकेतली डिझेल. मला ही मालिका मनापासून आवडते. पॉल ब्राक यांनी रेखाटलेली ही सरळ, शांत चेहऱ्याची गाडी १९६८ मध्ये बाजारात आली आणि १९७६ पर्यंत बनत राहिली. सहा सिलिंडरची भावंडं धरून जवळपास १९ लाख गाड्या बनल्या. आपल्याकडे मर्सिडीज म्हटलं की मंत्री आणि राजे आठवतात. जर्मनीत मात्र हीच डिझेल गाडी टॅक्सी म्हणून धावायची. ग्रीसमधल्या एका टॅक्सीवाल्याची २४० डी तर ४६ लाख किलोमीटर धावून कंपनीच्या श्टुटगार्टच्या संग्रहालयात गेली. तिचा मोठेपणा या टिकाऊपणात आहे. तिची किंमतही दुर्मिळतेवर ठरत नाही. मूळची किती शिल्लक आहे, यावर ठरते. तेच चॅसिस, तेच इंजिन, तेच कागद.

त्याने मात्र मला मे २०२२ मधली बातमी दाखवली. १९५५ सालची मर्सिडीज ३०० एसएलआर कूपे १३ कोटी ५० लाख युरोंना विकली गेली, ती. बातमी खरी आहे. पण त्या कूपे जगात दोनच बनल्या होत्या आणि विकणारी खुद्द कंपनी होती. त्या आकड्याचा १९ लाखांतल्या एका डिझेल गाडीशी काही संबंध नाही. जुनी गाडी विकताना कुणी अशा लिलावाचा आकडा पुढे करत असेल, तर तिथेच सावध व्हा.

दुसरं आमिष कायद्याचं होतं. जुलै २०२१ च्या केंद्रीय नियमानुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं उलटलेल्या गाडीला 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येतं. नंबरात 'व्हीए' अक्षरं येतात, नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, नोंदणी १० वर्षं चालते. "व्हीए नंबर पडला की किंमत दुप्पट, आणि लग्नसराईत भाड्यानं लावा, गाडी स्वतःचे पैसे फेडील," असं तो म्हणाला. यातलं अर्धं त्याने लपवलं. नियमात स्पष्ट आहे की गाडी मूळ स्वरूपात हवी. चॅसिस, बॉडी, इंजिन यांत मोठा बदल झालेला चालत नाही. आणि व्हिंटेज नोंदणीची गाडी रोजच्या किंवा धंद्याच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल-डिझेल भरणं, एवढ्यासाठीच ती बाहेर काढायची. वरातीचं भाडं त्यात कुठेच बसत नाही.

आरसी जुन्या पद्धतीचं पुस्तक होतं, महाराष्ट्रातलं. मोबाइलवर नंबर टाकला तर काहीच येईना. "एवढी जुनी गाडी ऑनलाइन चढलेली नसते," हे त्याचं उत्तर. अनेक जुन्या गाड्यांच्या बाबतीत ते खरंही असतं, आणि त्याची सगळी चाल याच फटीत बसते. पैसे घेताना त्याने थोडी रक्कम रोख घेतली आणि बाकीची 'भाच्याच्या' खात्यावर मागवली. आरसीवर तिसऱ्याच माणसाचं नाव. गाडी नावावर करण्यासाठी लागणारे, त्या मूळ मालकाच्या सहीचे फॉर्म २९ आणि ३० तयार होते. ज्याच्या नावावर गाडी, त्याच्या खात्यावर पैसे जात नसतील तर व्यवहार तिथेच थांबवायला हवा, हे मला नंतर वकिलांनी सांगितलं.

गाडी कोगनोळीची राज्यसीमा ओलांडून बेळगावला आली. पहिली शंका काढली उद्यमबागेतल्या एका वयस्कर फिटरकाकांनी. त्यांनी बॉनेटही उघडलं नव्हतं, नुसता आवाज ऐकला. "ह्यो वडापच्या ट्रॅक्सचा आवाज हाय की ओ!" ते म्हणाले. वडाप म्हणजे माणसं भरून नेणारी शेअर जीप. मला पटेना. मग त्यांनी समजावून सांगितलं. बजाज टेम्पोने मर्सिडीजचंच ओएम ६१६ हे २.४ लिटरचं डिझेल इंजिन परवान्याखाली आपल्याकडे बनवलं आणि ते ट्रॅक्स-ट्रॅव्हलरला बसवलं. घराणं एकच, त्यामुळे जुन्या मर्सिडीजमध्ये ते फारशी खटपट न करता बसतं, आणि देशभर कितीतरी गाड्यांत बसवलेलं आहे. २२० डी चं मूळ इंजिन ओएम ६१५, २.२ लिटरचं, आणि त्याचा नंबर ६१५ नेच सुरू व्हायला हवा. आमच्या इंजिनवर नंबराची जागा ग्राइंडरने घासून पुन्हा आकडे ठोकलेले होते. कडेला घासल्याच्या रेघा, आकडे वरखाली. लोखंडात आयुष्य गेलेल्या माणसाच्या नजरेतून ते सुटलं नाही.

गाडी चालवायची असेल तर ट्रॅक्सचं इंजिन वाईट नाही, त्याचे सुटे भाग कुठेही मिळतात. पण मग ती साडेअकरा लाखांची गाडी राहत नाही आणि व्हिंटेज नोंदणीलाही पात्र ठरत नाही. शिवाय इंजिन बदललं की आरसीवर तशी नोंद करून घ्यावी लागते. ती नव्हती.

चॅसिस नंबरानेही तेच सांगितलं. या मर्सिडीजच्या नंबरात पहिले सहा आकडे मॉडेलचे असतात; २२० डी साठी ११५११०. पुढचा आकडा स्टिअरिंगचा: १ म्हणजे डावं, २ म्हणजे उजवं. त्यापुढचा गिअरचा: ० असेल तर हाताचे गिअर. आमच्या पाटीवर ११५११० च्या पुढे १० होतं. म्हणजे कारखान्यातून डाव्या स्टिअरिंगची बाहेर पडलेली गाडी, आणि आमचं स्टिअरिंग उजवीकडे. एक तर पाटी दुसऱ्या गाडीची, नाहीतर गाडी कापून-जोडून उजवी केलेली. दोन्हीपैकी काहीही असलं तरी 'राजेसाहेबांनी जर्मनीहून मागवलेली, हात न लागलेली गाडी' ही नव्हे. त्या काळात परदेशी मोटार आणणं जवळपास बंदच होतं. वकिलातींच्या वापरलेल्या गाड्या स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनमार्फत विकल्या जात. डाव्या स्टिअरिंगची गाडी तशी आलेली असण्याचीच शक्यता जास्त.

आणि गाडी वाड्यातलीच असल्याचा पुरावा म्हणून त्याने दिलेलं ते पत्र! संस्थानच्या कारभाऱ्यांनी दिलेलं, टाइप केलेलं, पिवळ्या पडलेल्या कागदावरचं, तारीख मार्च १९७१. त्यावर बेळगावचा पत्ता पिनकोडसकट होता आणि पुढे राज्याचं नाव 'कर्नाटक'. पिनकोड सुरू झाला १५ ऑगस्ट १९७२ ला. आणि १ नोव्हेंबर १९७३ पर्यंत आपण म्हैसूर राज्यात होतो. ज्याचं शाळेचं दाखल्याचं पुस्तक त्या वर्षांतलं आहे त्याला हे लगेच दिसलं असतं. मला माझ्या काकांनी दाखवलं. या एका कागदासाठी त्याने किमतीत दोन लाख वाढवून घेतले होते. याचा मला सगळ्यात जास्त राग आहे, कारण ज्या घराण्याचं नाव त्याने वापरलं त्यांना याचा पत्ताही नाही.

गाडी नावावर करायला गेलो तेव्हा सगळं उघडं पडलं. दुसऱ्या राज्यातली गाडी कर्नाटकात नोंदवायची तर मूळ आरटीओची फॉर्म २८ वरची एनओसी, म्हणजे ना-हरकत दाखला, लागते. ती मागितल्यावर त्या कार्यालयाने रजिस्टर काढलं, आणि त्या नंबरावर मर्सिडीज नव्हतीच. हेच रजिस्टर पैसे देण्याआधी बघता येतं. ज्या आरटीओचा नंबर आहे तिथे अर्ज करून बी-एक्स्ट्रॅक्ट, म्हणजे रजिस्टरमधल्या नोंदीचा उतारा, मागा. हाताने लिहिलेल्या जुन्या नोंदीचाही उतारा मिळतो. वेळ लागतो, खेटे पडतात, पण गाडी ऑनलाइन दिसत नसेल तर यावाचून इलाज नाही. विकणारा "एनओसी मी मागाहून देतो" म्हणाला, तर आधी एनओसी आणि मग पैसे, एवढंच सांगा.

तक्रारीतही सीमा आडवी येते. पैसे एका राज्यात दिले, गाडी दुसऱ्या राज्यात, विकणाऱ्याचा पत्ता तिसरीकडे. पहिल्यांदा "ही आमची हद्द नाही" असंच ऐकावं लागलं. आता नव्या कायद्यात हद्द कुठलीही असली तरी गुन्हा नोंदवून घेता येतो, त्याला झिरो एफआयआर म्हणतात. वकिलांनी त्याचाच आग्रह धरला, फसवणुकीचं कलम भारतीय न्याय संहितेचं ३१८, आणि बेळगावातच तक्रार नोंदवली गेली. कागद कन्नडमध्ये होता. सही करण्याआधी ओळखीच्या माणसाकडून तो शब्दन् शब्द वाचून घेतला, कारण चॅसिस नंबराचा एक आकडा चुकीचा उतरला होता.

पैसे अजून मिळालेले नाहीत. गाडी पुरावा म्हणून तशीच उभी आहे, इंजिनलाही हात लावायचा नाही असं सांगितलंय. तुम्हाला कुणी अशी गाडी दाखवली असेल, तर टोकन देण्याआधी बॉनेटखालच्या पाटीचा, पत्र्यावर ठोकलेल्या चॅसिस नंबराचा आणि इंजिन नंबराचा स्वच्छ फोटो मागा. त्याने मला पाटीचा फोटो 'गाडी धुतल्यावर पाठवतो' म्हणून शेवटपर्यंत पाठवला नव्हता. आणि वाड्याच्या दगडी कमानीखाली, डाव्या बाजूला तुळशीवृंदावन असलेला फोटो तुमच्याकडे आला असेल, तर तो पुसू नका. ज्या नंबरावरून आला त्यासकट जपून ठेवा आणि पोलिसांना द्या; तपासाला त्याचा उपयोग आहे.