इतवारीत शिवून घेतलेले तोबरे आणि मुसकं, चार महिने वापरल्यावर

नागपूरला काटोल रोडवर फेटरीच्या पुढे आमचं अडीच एकराचं कुरण आहे, त्यात तीन जनावरं एकत्र राहतात. राणी 24 वर्षांची घोडी, बाबांच्या वेळेस वरातीला जायची, आता दाढा पार झिजल्या, कडबा चावते आणि अर्धवट चावलेला गोळा तोंडातून खाली पडतो. तुफान रेसमधून रिटायर झालेला, कितीही घाला बरगड्या दिसतातच. आणि गोल्या, आमचं तट्टू, त्याला नुसती हरळी पण अंगी लागते. मागच्या पावसाळ्यात त्याला लॅमिनायटिस झाला, म्हणजे जास्त खाण्याने खुरांच्या आत येणारी सूज, पुढचे खूर हाताला तव्यासारखे गरम, सगळा भार मागच्या पायांवर टाकून उभा राहायचा, एक पाऊल टाकवत नव्हतं. ते पाहवत नाही हो.

म्हणजे एकाला कमी, एकाला जास्त, एकीला मऊ. तीन घमेली ठेवली तर गोल्या स्वतःचं दोन मिनिटांत संपवून कान मागे पाडून राणीवर जायचा आणि ती बिचारी बाजूला होऊन उभी राहायची. वेगळं बांधून पाहिलं तर राणी रात्रभर खिंकाळत राहिली, घास उचलला नाही तिनं. कळपाचं जनावर आहे, सोबती दिसला नाही तर खात नाही.

म्हणून तोबरा, म्हणजे तोंडालाच बांधायची दाण्याची पिशवी. ऑनलाइन मागवलेल्या तोबऱ्याचा पट्टा पंधरा दिवसांत उसवला. मग इतवारीत एक ताडपत्री आणि कॅनव्हासचं जुनं दुकान आहे तिथे गेलो, काकांना म्हटलं तोबरे शिवून द्याल का, ते म्हणे माप आणा. एका तोबऱ्याचे 450 घेतले आणि मुसक्याचे 600.

तोबरा खरंच चांगला शिवला आहे. जाड कॅनव्हास, खालचा अर्धा भाग दुहेरी, नाकपुड्यांच्या उंचीवर दोन्हीकडे पितळी रिंगा बसवल्या म्हणजे तोंड आत असताना श्वास मोकळा राहतो. बूड रुंद आणि चपटं ठेवलं, हे मला सगळ्यात आवडलं, कारण घोडा शेवटचे दाणे मिळवायला मान वर झटकतो आणि निमूळता तोबरा असला की अर्धे ओट जमिनीवर सांडतात. यात तुफान बूड जमिनीवर टेकवून निवांत चाटून पुसून खातो. त्याचे रोजचे 4 किलो ओट मी तीन वेळा विभागून देतो, वरून अर्धी वाटी जवसाचं तेल, कारण घोड्याचं पोट अंगाच्या मानाने फार लहान असतं आणि त्याला उलटी करता येत नाही, एकदम कोंबलं की पोटशूळ. गोल्याच्या तोबऱ्यात फक्त मूठभर भिजवलेला कोंडा आणि मिनरल मिक्स्चर, त्याला पण वाटलं पाहिजे ना की आपल्यालाही मिळालं.

राणीचं मात्र घमेल्यातच. तिचा भिजवलेला जवाचा भरडा आणि बारीक कापलेला लसूणघास पातळ असतो, तो तोबऱ्यात दिला तर नाकाशी पाणी येतं, ते करूच नका. ती चाळीस मिनिटं घेते आणि तेवढा वेळ गोल्याला लांब ठेवणं हाच खरा प्रश्न होता, तो मुसक्याने सुटला.

मागच्या पोळ्याच्या बाजारातून मी बैलाचं मुसकं आणलं होतं, सुतळीच्या जाळीचं, ते घातलं तर गोल्याला गवत लागतच नव्हतं, दिवसभर उपाशी उभा. हे पण धोक्याचं आहे, घोड्याच्या पोटात ॲसिड सतत सुटत असतं, रिकामं ठेवून चालत नाही. काकांनी नायलॉन पट्टीची टोपली केली आणि खाली जाड रबराची चकती लावली, मधे एक इंचाचं भोक. त्यातून गवताची टोकं येतात, एकेक पात ओढून दिवसभर चरून राहिला आहे पण पोट सुटत नाही, आणि राणीच्या घमेल्यात तोंड घातलं तरी हाती काही लागत नाही. पाणी पिता येतं, हे मी पहिल्या दिवशी हौदाजवळ उभं राहून पाहिलं, तुम्हीही पाहाच. कानामागच्या पट्ट्यात एक तुकडा मुद्दाम साध्या सुतळीचा ठेवायला लावला, तारेत अडकलं तर तो तुटावा, जनावराची मान नाही. सकाळी घालतो, संध्याकाळी काढतो, चोवीस तास ठेवायचं नाही.

आता तक्रारी. मुसक्याचा पट्टा नाकाच्या हाडावर घासून केस गेले, मग जुन्या घोंगडीची पट्टी आतून शिवली तेव्हा थांबलं, हे दुकानातच करून द्यायला हवं होतं. तोबऱ्याचं एक बक्कल ऑगस्टमध्येच गंजलं. आणि कॅनव्हास पावसात वाळत नाही, आत बुरशीचा वास आला की घोडा तोंड लावत नाही, म्हणून प्रत्येकाला दोन-दोन घ्या. खाऊन झालं की तोबरा लगेच उतरवा, तसाच हौदात बुडवला तर घोड्याचा जीव गुदमरतो.

दुकानात बसलेल्या एका भाऊंनी सल्ला दिला की तुफानला गाईचं तयार खाद्य घाला, लवकर भरेल. कृपा करून असं करू नका. गाई आणि कोंबड्यांच्या काही खाद्यात मोनेन्सिन नावाचं औषध असतं, गाईला चालतं, घोडा थोड्या प्रमाणातही मरू शकतो.

परवा राणीच्या छातीचा पट्टा एक भोक सैल करावा लागला. यंदा पहिल्यांदा ती घमेलं पूर्ण संपवते आणि गोल्या बाजूला उभा राहून पात ओढत असतो. पाचपैकी चार स्टार, बक्कलाचा एक कापला. जायचं असेल तर पोळ्याच्या आधीचे पंधरा दिवस टाळा, झुलींच्या ऑर्डरमुळे त्यांना मान वर करायला फुरसत नसते, आणि माप नेताना नाकपुडीच्या वरून दोन बोटं सोडून तोंडाचा घेर आणि कानामागून तोंडापर्यंतची लांबी, दोन्ही घेऊन जा.