सिनसिनाटीतील टाफ्ट यांचे जन्मघर: आवर्जून पाहावे असे स्मारक

ओहायो राज्यातील सिनसिनाटी शहरात, माउंट ऑबर्न भागात, विल्यम हॉवर्ड टाफ्ट यांचे जन्मघर अमेरिकेच्या नॅशनल पार्क सर्व्हिसने (राष्ट्रीय उद्याने व ऐतिहासिक स्थळे सांभाळणाऱ्या सरकारी संस्थेने) जतन केले असून तेथे प्रवेश विनामूल्य आहे. अमेरिकेचे अध्यक्षपद आणि तेथील सरन्यायाधीशपद ही दोन्ही पदे भूषवणारे टाफ्ट हे आजवरचे एकमेव गृहस्थ. त्यांचा मूळ पिंड राजकारण्याचा नसून न्यायाधीशाचा होता, हे या घरात फार चांगले उमगते.

तळमजल्यावरील खोल्या त्यांच्या बालपणीच्या काळाला अनुसरून सजवलेल्या आहेत. त्यांपैकी वडील अल्फोन्सो टाफ्ट यांच्या ग्रंथांच्या खोलीत सावकाश थांबावे, असे मी आग्रहाने सुचवीन. शहरातील सरकारी शाळांमधील बायबलवाचन बंद करण्याचा शिक्षण मंडळाला अधिकार आहे, असे भिन्नमत (सहकारी न्यायाधीशांच्या बहुमताच्या निकालाविरुद्धचे मत) अल्फोन्सो यांनी १८७० मध्ये न्यायाधीश म्हणून नोंदवले. पुढे ओहायोच्या सर्वोच्च न्यायालयाने मंडळाचीच बाजू उचलून धरली; मात्र या मतामुळे दुखावलेल्यांचा रोष त्यांच्या गव्हर्नरपदाच्या उमेदवारीच्या आड आला. विल्यम तेव्हा बारा-तेरा वर्षांचे होते. अशा घरात वाढलेल्या मुलाला न्यायासन हेच सर्वोच्च स्थान वाटले असल्यास नवल नाही.

वरच्या मजल्यावरील प्रदर्शनात पुढील कारकीर्द येते: १९०१ मध्ये तेव्हा अमेरिकेच्या ताब्यात असलेल्या फिलिपिन्सचे गव्हर्नर, १९०४ मध्ये युद्धमंत्री, १९०९ मध्ये अध्यक्ष. १९१२ च्या निवडणुकीत जुने स्नेही आणि माजी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्टच विरोधात उभे राहिले, दोघांचा रिपब्लिकन पक्ष दुभंगला आणि टाफ्ट यांच्या पदरात केवळ युटा व व्हर्मॉंट या दोन राज्यांची ८ निर्वाचक मते (अध्यक्ष निवडण्यासाठी प्रत्येक राज्याच्या वाट्याला येणारी मते) पडली. पुष्कळ लोकांना ते या पराभवामुळेच आठवतात, आणि हा त्यांच्यावर अन्याय आहे असे मला मनापासून वाटते. १९२१ मध्ये सरन्यायाधीश झाल्यावर त्यांनी ज्याचा पाठपुरावा केला त्या १९२५ च्या कायद्याने, कोणते खटले ऐकायचे हे ठरवण्याची बरीच मुभा सर्वोच्च न्यायालयाला मिळाली. न्यायालयाला स्वतःची इमारत मिळावी म्हणूनही तेच झटले, मात्र ती १९३५ मध्ये पूर्ण झाली तेव्हा ते हयात नव्हते.

घर लहान आहे; तरी रेंजरबरोबरची (स्मारकाची माहिती देणाऱ्या कर्मचाऱ्याबरोबरची) फेरी घ्यावी, मनातील प्रश्न मोकळेपणाने विचारावेत आणि निघण्यापूर्वी संकेतस्थळावर वेळा पाहून घ्याव्यात. कायद्याच्या विद्यार्थ्यांनी तर सिनसिनाटीला गेल्यावर हे स्मारक चुकवूच नये.